शाबासकीचा रोजमेळ

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यान)



विषय निवडण्याची मोकळीक मंडळाने आम्हांला दिली, तेव्हा इतिहास, संतवाङ्मय वा प्रवास यांपैकी काही तरी ऐकावयास मिळेल अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आपल्यापैकी पुष्कळांना म्हैसुरात आणले ते बदलीच्या हुकमाने. कोणी १९५० साली सुरू झालेल्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत आले, कोणी १९६९ च्या भारतीय भाषा संस्थेत, कोणी रेल्वेत, कोणी टपाल खात्यात. तेव्हा कचेरीबद्दलच बोलावे असे आम्ही ठरविले, आणि कचेरीतही अशा गोष्टीबद्दल, जिच्यासाठी तरतूद लागत नाही, मंजुरी लागत नाही, आणि तरीही जी फारशी आढळत नाही. ती म्हणजे हाताखालच्या माणसाच्या कामाचे रोजच्या रोज केलेले कौतुक.

आपण मराठी माणसे या बाबतीत अंमळ हात राखूनच असतो. तोंडावर स्तुती करू नये, पोरगा शेफारेल, ही शिकवण घरातच मिळते. सर्वोत्तम काम झाले तर आपण म्हणतो, "वाईट नाही." वास्तविक शाबास हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला, 'शाद बाश', म्हणजे आनंदी राहा, असा त्याचा मूळ अर्थ. तोच शब्द कन्नडातही रूढ आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंस चालणारे हे नाणे आहे. पण आपण ते पेटीतच ठेवतो.

सरकारी कचेरीत तर या स्वभावाला नियमाचेच पाठबळ होते. गोपनीय अहवालाची जुनी पद्धत ज्येष्ठांना आठवत असेल. वर्षाअखेर साहेब कर्मचाऱ्याविषयी चार ओळी लिहीत. शेरा प्रतिकूल असेल तर तो संबंधितास कळवावा, असा दंडक होता. अनुकूल असेल तर कळविण्याचे कारण नव्हते! म्हणजे माणसाने वर्षभर राबावे, साहेबाने मनापासून प्रशंसा लिहावी, आणि ती कुलुपात जावी. ज्याच्यासाठी लिहिली त्यानेच तेवढी वाचावयाची नाही.

या पद्धतीला खरा धक्का बसला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १२ मे २००८ च्या निकालाने. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या सेवेतील देव दत्त नावाचे कार्यकारी अभियंता न्यायालयात गेले होते. बढतीसाठी पाच वर्षे 'फार चांगला' हा शेरा आवश्यक होता. १९९३-९४ च्या अहवालात त्यांना नुसता 'चांगला' मिळाला होता. 'चांगला' हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, म्हणून तो त्यांना कळविलाच गेला नाही, आणि बढती हुकली. न्यायालयाने म्हटले की शेरा वाईट असो, मध्यम असो की उत्तम, प्रत्येक शेरा कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे. निकाल लागेतो अभियंतासाहेब निवृत्त झाले होते. पुढे १४ मे २००९ रोजी केंद्र सरकारने परिपत्रक काढले, आणि २००८-०९ च्या अहवालापासून संपूर्ण मूल्यमापन कर्मचाऱ्यापुढे ठेवले जाऊ लागले. आपले वरिष्ठ आपल्याविषयी काय चांगले म्हणतात, हे वाचण्याचा हक्क मिळविण्यास या देशातील नोकरदाराला न्यायालयाची पायरी चढावी लागली, याचे आम्हांला आजही नवल वाटते.

बरे, अहवाल उघड झाला तरी तो वर्षातून एकदा. त्यात दहापैकी आकडा असतो. आकड्याने बढती मिळते. पण गेल्या मंगळवारी तुम्ही जे काम केले ते कोणाच्या दृष्टीस पडले, हे आकडा सांगत नाही. अभिलेख कक्षातील कर्मचारी वीस वर्षांपूर्वीची फाइल धुळीतून अर्ध्या तासात शोधून आणतो आणि कोणाचे तरी निवृत्तिवेतन मार्गी लागते. फाइल वर जाते, सही वरची होते, शोधणाऱ्याचे नाव कोठेच नसते. तीच फाइल सापडली नसती तर मात्र दुसऱ्या दिवशी मेमो निघाला असता, आणि त्यावर नाव अचूक असते.

मग निवृत्तीचा दिवस उजाडतो. म्हैसुरी पेटा, चंदनाचा हार, श्रीफळ. एकामागून एक वक्ते उठतात आणि सत्कारमूर्तीचे असे गुण सांगतात की त्याच्या पत्नीलाही ते नवीन असतात. पस्तीस वर्षे जे ऐकावेसे वाटले ते सारे एका दुपारी, चहा गार होईपर्यंत! एवढे सगळे ठाऊक होते तर आधी का सांगितले नाही, असा प्रश्न तो बिचारा सभ्यपणाने विचारीत नाही.

या शहरात राहून आम्ही एक गोष्ट पाहिली आहे. दसऱ्यापूर्वी हत्ती राजवाड्याच्या आवारात येतात, त्यांबरोबर माहूत, कावाडी आणि त्यांची बायकामुलेही येतात. साडेसातशे किलोची सोन्याची अंबारी पाठीवर घेऊन चालण्यासाठी हत्तीला आधी वाळूच्या पोत्यांचा सराव देतात. रोज चालणे झाले की भाताच्या पेंढ्यात गूळ, खोबरे नि भात बांधून केलेला घास माहूत त्याच्या तोंडात घालतो, बोलतो, सोंडेवर थोपटतो. वर्षाअखेरीचा अहवाल हत्तीला चालत नाही, हे माहूत जाणतो. त्या माहुतांना दर वर्षी शासनातर्फे राजवाड्याच्या आवारात न्याहारी दिली जाते. मंत्रिमहोदय स्वतः वाढतात, छायाचित्रे निघतात. कोणी त्याला देखावा म्हणतात. आम्ही म्हणत नाही. लाखो डोळे हत्तीवर आणि अंबारीतील चामुंडेश्वरीवर असतात. एक सकाळ तरी कोणी माहुताच्या पानाकडे पाहते, हे थोडके नाही. मात्र सराव रोजचा असतो आणि न्याहारी एकदाच, हेही दिसतेच.

रायगडावर जगदीश्वराच्या मंदिरापाशी पायरीवर हिरोजींचे नाव कोरलेले आहे. सेवेच्या ठायी तत्पर, असे. बक्षिसाऐवजी त्यांनी पायरीच मागितली ही कथा परंपरेची. पण दगड आहे. बांधणाऱ्याच्या नावाला त्या वास्तूत जागा मिळाली, हे आम्हांला महत्त्वाचे वाटते.

कचेरीत दगड कोरावयास नको. टिपणीत एक ओळ पुरे: "मसुदा अमुक यांनी तयार केला, आकडे त्यांनीच पडताळले." नुसते "छान, छान" म्हणण्यात अर्थ नाही, त्यात काम पाहिल्याचा पुरावा नसतो. काय चांगले झाले ते नेमके सांगावे, त्याच दिवशी सांगावे, जमल्यास चारचौघांत सांगावे. येथील सहकाऱ्याला "तुंबा चेन्नागि माडिदिरि" एवढे कन्नडातून म्हणता आले तर दुधात साखर. एका मर्जीतल्या माणसालाच रोज शाबासकी देऊ नये. बाकीचे दहाजण ती मोजीत असतात. आणि शाबासकीपाठोपाठ दुसरी फाइल पुढे सरकवू नये. ओढणाऱ्या बैलावरच ओझे वाढते, हा आपल्या कचेऱ्यांचा जुना न्याय आहे. तसे झाले की पुढच्या वेळी कौतुक ऐकताच माणूस दचकतो.

आणखी एक सांगितले पाहिजे, नाही तर बोलणे अपुरे राहील. २०१५ च्या आणि २०१६ च्या स्वच्छता क्रमवारीत म्हैसूर देशात पहिले आले. आपण सर्वांनी अभिमानाने छाती फुगविली. झाडू ज्यांच्या हाती होता त्या पौरकार्मिकांचेही कौतुक झाले. राज्यात २३ सप्टेंबर हा त्यांचा दिन म्हणून साजरा होतो. तरीही जुलै २०२२ मध्ये राज्यभरच्या पौरकार्मिकांना नोकरीत कायम करावे या मागणीसाठी चार दिवस काम बंद ठेवावे लागले, तेव्हा कोठे सरकारने आश्वासन दिले. हाराने पोट भरत नाही. जेथे पगार थकलेला आहे, हक्काची रजा नाकारली जाते, तेथे पाठीवरची थाप ही थट्टा ठरते. आधी देणे द्यावे, मग शाबासकी द्यावी. कर्मचाऱ्याला दोन्हींतला फरक चांगला कळतो.