पांढरीची माती आणि पीएच.डी.



पुरातत्त्वात पीएच.डी. म्हणजे कुदळ घेऊन उकरत सुटायचे, असा पुष्कळांचा समज आहे. कृपा करून तसे करू नका. उत्खननाला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो. विद्यार्थ्याचे काम मुख्यतः पायी फिरण्याचे.

आपल्या गावाला काळी असते आणि पांढरी असते. काळीत पीक, पांढरीत वस्ती. शेकडो वर्षांची राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून पांढरीचे टेकाड होते. ही माती लोक पूर्वीपासून धाब्यावर टाकायला नेत, शेतातही टाकत, पण टोपलीने. आता जेसीबी आला. खापरे, मणी, जुन्या विटा ट्रॉलीतून जातात, आणि कोणत्या थरात काय होते ते पुन्हा कधीच कळत नाही. आम्हाला घाई आहे ती यासाठी.

आम्ही पहिला आराखडा लिहिला तेव्हा विषय घेतला, मराठवाड्यातील बौद्ध अवशेष. मार्गदर्शक म्हणाले, "किती जन्मांत?" शेवटी एक तालुका उरला. राग आला होता, पण ते बरे झाले. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत किमान ३ आणि कमाल ६ वर्षे आहेत, मुदतवाढ वेगळी.

जुने कागद शोधताना हिंगोली नावावर थांबू नका. जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. आधीचे परभणीखाली पाहा, त्याआधीचे हैदराबाद संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याच्या अहवालांत. हे खाते १९१४ साली गुलाम यझदानींच्या हाताखाली सुरू झाले.

शेजारचे वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. तिथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे १६ वे लेणे संघाला दान दिले, असे लेण्यातील लेखच सांगतो. इतक्या जवळ राजधानी, मग आपल्या पांढरीत काय असेल, हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही.

पण एक कबूल केले पाहिजे. पिंपळाखाली भंगलेली ध्यानस्थ मूर्ती दिसली की आपण लगेच बुद्ध म्हणतो. आम्हीही म्हटले आहे. आधी पाहावे, अंगावर चीवर आहे की मूर्ती दिगंबर आहे, डोक्यावर उष्णीष आहे का, आसनावर लांछन आहे का. जिनमूर्ती निघाली तर प्रबंधात जिनमूर्तीच लिहावी लागते. मनाला लागते, पण लिहावी लागते.

अधिछात्रवृत्तीसाठी यूजीसीची जेआरएफ आहे, बार्टीची आहे. जाहिरातीवर लक्ष ठेवा. आणि आपल्या गावची पांढर कुठे आहे, किती उरली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी सभा संपल्यावर आम्हाला भेटावे. वही सोबत आणली आहे.