सारंगखेड्याच्या टापा

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात, तापीकाठच्या सारंगखेड्यात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत देशभर गाजलेला घोडेबाजार. मारवाडी, काठियावाडी घोडे येतात. जाणकार दात पाहून वय ओळखतात. रंग, चाल, अंगावरचे भोवरे तपासतात, मगच भाव ठरतो.

घोड्यामागे माणसांचे रोजगारही उभे असतात.

नालबंद वाढलेले खूर तासून नाल ठोकतो. दीड-दोन महिन्यांनी हे काम पुन्हा निघतंच. चाबूकस्वार चाल शिकवतो, मोतद्दार अंग घासून साफ करण्याचा खरारा आणि दाण्याची चंदी सांभाळतो. पशुवैद्य व्हायचं तर विज्ञान शाखेतून बारावीनंतर साडेपाच वर्षांची पदवी. राज्यात ती नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळते.

तरुणांनो, या वाटेला येण्याआधी काही दिवस तबेल्यात पहाटेपासून राबून पाहा.