यकृताचे आरोग्य आणि पूरक आहार



'काळीज' हा शब्द आपण माया आणि धैर्य यांसाठी वापरतो. पण त्याचा एक अर्थ यकृत असाही आहे. सुमारे दीड किलो वजनाचा हा अवयव अन्नातील चरबीचे रूपांतर, साठवण आणि वाटप अहोरात्र करीत असतो. आज 'यकृत शुद्ध करणारी' चूर्णे व गोळ्या आठवडी बाजारापर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांचा विचार शास्त्राच्या कसोटीवर व्हावयास हवा.

पूरक घटकांचे महत्त्व निराधार नाही. इन्शुलिनच्या शोधातील एक शास्त्रज्ञ चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी 1932 मध्ये टोरांटो येथे दाखवून दिले की, यकृतात चरबी साचलेल्या प्रयोगातील प्राण्यांना लेसिथिन दिल्यास ती कमी होते. त्यातील प्रभावी घटक होता कोलीन. यकृतातील चरबी रक्तावाटे बाहेर पाठविण्यासाठी जे वेष्टण लागते, ते तयार करण्यास कोलीन आवश्यक असते. 1998 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञ समितीने प्रौढ पुरुषांसाठी दररोज 550 व स्त्रियांसाठी 425 मिलिग्रॅम हे प्रमाण पुरेसे म्हणून सुचविले. एका अंड्यात ते सुमारे 150 मिलिग्रॅम असते. सोयाबीन, शेंगदाणे, मासे व दूध यांतूनही ते मिळते.

परंतु उणीव भरून काढणे वेगळे आणि अतिरेकाचे परिणाम पुसणे वेगळे. आज अनेकांच्या यकृतात साचणारी चरबी ही प्रामुख्याने स्थूलता, मधुमेह, अतिगोड आहार व बैठे जीवन यांची फलश्रुती आहे. मद्यपान हे तिचे दुसरे मोठे कारण. तेथे गोळी हा पर्याय ठरत नाही. स्थूल व्यक्तीने वजन शेकडा 5 ने घटविल्यास यकृतातील चरबी कमी होते. शेकडा 7 ते 10 घटविल्यास दाहही ओसरू लागतो.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, ही समजूतही घातक आहे. हिरव्या चहाच्या अर्काचे दररोज 800 मिलिग्रॅम वा अधिक कॅटेचिन पोटात गेल्यास यकृताला इजा झाल्याची लक्षणे रक्तात आढळू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये दिला. आपल्याकडील कायद्याने पूरक आहार हे अन्न आहे, औषध नव्हे. 'औषधी वापरासाठी नाही' असे वेष्टणावर छापणे बंधनकारक आहे. ही ओळ ग्राहकाला वाचून दाखविणारा कोणीतरी गावात हवा.

फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र शासनाने मेदयुक्त यकृताच्या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. हा विकार प्रारंभी निमूटपणे वाढतो. म्हणून मधुमेही व स्थूल व्यक्तींना आरोग्य केंद्रात तपासणीस पाठविणे, शाळेत साखरेच्या पेयांचे दुष्परिणाम समजावून सांगणे आणि ग्रामसभेत या विषयाला स्थान देणे, ही कामे आपणच करू शकता. डब्यातील चूर्णापेक्षा ताटातील भाकरी, उसळ, पालेभाजी आणि रोजची पायपीट यांवर यकृताची भिस्त अधिक आहे, हे घरोघरी पोहोचविणे हीच खरी लोकसेवा होय.