टार्पन, हॅमरहेड आणि पाच मिनिटं

आज जरा लांब जाऊया, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, फ्लोरिडा कीज बेटांवर. तिथल्या बहिया होंडा पुलापाशी उन्हाळ्याच्या तोंडावर टार्पन जमतात. हे मासे माणसाएवढे मोठे होतात. हौशी लोक पैसे मोजून गाईड घेतात आणि गळ टाकतात. खायला नाही हं! टार्पन सोडूनच द्यायचा असतो. मजा असते ती झुंजीची.

पण त्याच पाण्यात ग्रेट हॅमरहेड शार्क फिरतात. गळाला लागून दमलेला टार्पन म्हणजे त्यांच्यासाठी आयती पंगत. गिऱ्हाइकाच्या हातात उरतं फक्त मुंडकं. मग बोटीवर एकच सूर, "शार्क फार माजलेत, मारा त्यांना."

अमेरिकेत १९९३ पासून शार्कच्या मासेमारीवर बंधनं आली, काही जाती हळूहळू सावरल्या. मधल्या काळात मासेमारी शिकलेल्यांना शार्क नसलेला समुद्रच नॉर्मल वाटतो, हे मला पटतं. पण ग्रेट हॅमरहेड २०१९ पासून जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे आणि मादी साधारण दोन वर्षांतून एकदाच विते. मारून टाकणं हा उपाय नाही.

मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इथेच पाहणी केली. पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ झुंजवलेल्या टार्पनपैकी सुमारे १५ टक्के शार्कने खाल्ले. माझ्यातला इंजिनिअर लगेच म्हणाला, अरे, इथे टाइमआउट लावा ना! म्हणजे दणकट रॉड आणि जाड लाईन वापरून मासा लवकर जवळ आणायचा. शार्क दिसला की लाईन तोडायची, टार्पनला पळायची संधी द्यायची आणि बोट दुसरीकडे न्यायची. शार्कला नाकाजवळच्या छिद्रांमधून बारीक विद्युत लहरी कळतात, म्हणून लाईनला लावायची चुंबकंही विकतात. भुकेल्या हॅमरहेडपुढे त्यांच्यावर माझा तरी भरवसा नाही.

खरी अडचण गिऱ्हाइकाची आहे. त्याला "अर्धा तास झुंजलो" असं सांगत फोटो टाकायचा असतो. ऐन रंगात गाईडने लाईन तोडली तर भांडणच होणार. त्यामुळे बोट धक्क्यावरून सुटायच्या आधीच गाईडने सांगून टाकावं: शार्क आला की मी लाईन तोडणार, पैसे परत मिळणार नाहीत.