लाकडाचा मासा



कवीला बोलावलं की तो कवितेवरच बोलणार, अशी भीती तुमच्या मनात असेल तर ती काढून टाका. आज मी एका लाकडी माशाविषयी बोलणार आहे. तो मी माझ्या हातानं केला. त्यानं एक खरा मासा धरून दिला, आणि त्या दिवसापासून माझी मासे धरण्याची रीतच बदलली.

सोलापूरचा माणूस मासेमारीवर बोलतोय म्हटल्यावर कोकणातली मंडळी हसतील. आमचं गाव चादरीचं, कडक भाकरीचं आणि उन्हाचं. पण शहराच्या उत्तरेला, तुळजापूरच्या वाटेवर, हिप्परग्याचा तलाव आहे. इंग्रजांच्या अमदानीत बांधलेला हा एकरूख तलाव आमच्या कितीतरी पिढ्यांनी पाहिला. पुढं 1980 साली भीमेवर उजनी धरण झालं आणि जिल्ह्यात माशांची सुबत्ता आली. बाजारात चिलापी, कटला, रोहू यांचे ढीग लागू लागले. पण जाणकार गिऱ्हाईक आधी विचारतो ते मरळीला. कोळीण टोपातल्या पाण्यात ती जिवंत ठेवते, कारण मरळ पाण्यावर तोंड काढून हवेतला श्वास घेते. आमच्या पूर्व भागातले तेलुगू विणकर तिला कोरमीनू म्हणतात. भाषा कुठलीही असो, नाव घेताना आवाज एकच असतो, तोंडाला पाणी सुटल्याचा.

माझे अब्बा पूर्व भागातल्या एका कारखान्यात यंत्रमाग चालवत. सुटीच्या दिवशी फजरची नमाज झाली की सायकलच्या दांडीवर मला बसवून ते हिप्परग्याला नेत. रोहूसाठी कणकेचा गोळा, मरळीसाठी बेडूक. रोहू-कटला ही शांत मंडळी. मरळीचं तसं नाही. ती शिकारी. गवतात दबा धरून बसते आणि लहान मासा, बेडूक जवळ आला की झडप घालते.

अब्बांच्या उजव्या भुवईवर एक आडवा वण होता. त्याची गोष्ट सांगायला हवी. मी सात-आठ वर्षांचा असेन. त्यांचा डबा घेऊन कारखान्यात गेलो होतो. माग चालू असताना धोटा कसा सटासट इकडून तिकडे धावतो ते सोलापूरकरांना सांगायला नको. लाकडाचा हा धोटा, दोन्ही टोकांना धातूची नोक. कधीकधी तो मागातून निसटून गोळीसारखा बाहेर उडतो. त्या दिवशी तो उडाला आणि मी समोर उभा होतो. अब्बांनी मला ढकललं आणि स्वतः मध्ये आले. मला खरचटलंसुद्धा नाही. त्यांच्या भुवईला टाके पडले. संध्याकाळी घरी अम्मीनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, ‘लागला जरासा.’

आता लाकडी माशाकडे येतो. 2006 साली माझा मावसभाऊ अमेरिकेतून आला. तो मिनेसोटात नोकरीला. तिथं तलाव उदंड, आणि त्यात मस्की नावाचा एक मासा. लांबलचक अंग, चपटं तोंड, जबड्यात दातांची रांग. मरळीचं आणि त्याचं नातं काही नाही, पण स्वभाव एक. तोही दबा धरून बसतो. फरक इतका की तो गळाला लागतच नाही. त्याला तिकडे ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. माणसं दिवसचे दिवस गळ फेकतात आणि हात हलवत घरी येतात. आणि एवढा खटाटोप करून मस्की मिळालाच, तर बहुतेक जण फोटो काढून त्याला परत सोडतात. आज मिनेसोटात बहुतेक पाण्यांत 54 इंचांहून, म्हणजे साडेचार फुटांहून लहान मस्की घरी नेताच येत नाही. त्याला परत सोडतात हे ऐकून अब्बा म्हणाले होते, ‘खायचा नाही तर त्या बिचाऱ्याला हैराण कशाला करायचं?’

भावानं मला हातानं कोरलेला एक लाकडी मासा दाखवला. बाजारातल्या नकली माशाला तोंडाशी एक पट्टी असते, तिच्यामुळं तो पाण्यात थरथरतो. याला पट्टी नव्हती. दोन्ही बाजू चपट्या, आणि पोटात शिसं. दोरी ताणून सरळ ओढायची नाही. हलकासा झटका द्यायचा आणि दोरी सैल सोडायची. मासा डावीकडे घसरत जातो. पुन्हा झटका, उजवीकडे. शिकाऱ्याला वाटतं, जखमी मासा भरकटतोय.

तो डावीकडून उजवीकडे जाताना पाहिला आणि मी अब्बांकडे बघितलं. तेही हसत होते. म्हणाले, ‘हा तर आपला धोटा!’

झालं. दुसऱ्याच दिवशी अब्बांनी माळ्यावरून एक मोडका धोटा काढला. मी तो कापला, कानशीनं घासला, त्याला माशाचा आकार दिला. पाण्यात टाकला तर थेट तळाशी! धोट्याचं लाकूड कठीण आणि जड, त्यात मी वर शिसं भरलेलं. मग पांगाऱ्याचं हलकं लाकूड आणलं. सावंतवाडीची लाकडी खेळणी करतात ते हे लाकूड. वीतभर लांबीचा तुकडा, दोन्ही बाजू सपाट, पाठ आणि पोट जरा गोलसर. पोटात दोन भोकं पाडून शिसं भरायचं. खरी मेख या शिशात. पुढं जास्त झालं तर मासा नाकावर पडतो, मागं जास्त झालं तर शेपूट लोंबतं. अंग आडवं ठेवून तो सावकाश बुडाला पाहिजे, तरच झटक्यासरशी बाजूला घसरतो.

ही परीक्षा मी घरच्या हौदात घेत होतो. त्या दिवसांत आमच्याकडे नळाला चार-चार दिवसांनी पाणी यायचं. पिण्याच्या पाण्यात लाकडी मासे पोहताना पाहून बायको काय म्हणाली असेल, ते आकाशवाणीवर सांगता येणार नाही. मुलीच्या नेलपॉलिशनं मी खवले रंगवले, दुपट्ट्यावरची टिकली डोळा म्हणून चिकटवली, वर वॉर्निशचे तीन हात दिले. पाच मासे बिघडले. सहावा चालला. एखादी ओळ महिनाभर अडून बसते आणि एके सकाळी आपोआप सरळ होते, तसा तो चालला. बघा, कविता आलीच.

पावसाळा सरत आला होता. हिप्परग्याला ओळखीच्या मच्छीमारांना विचारून मी काठावर बसलो. गुडघे धरले होते म्हणून अब्बा घरीच होते. सकाळभर काही नाही. मग गवताच्या कडेला पाण्यावर एक लाल डाग दिसला, कुंकू सांडावं तसा. जवळून पाहिलं तर तो हलत होता, बुडबुडत होता. मरळीची शेकडो पिल्लं, एका गोळ्यानं फिरणारी. त्यांनाही श्वासासाठी वर यावं लागतं.

मासे धरणाऱ्यांना ठाऊक असतं की पिल्लं जिथं, त्यांच्या खालीच मरळ. आणि तिथं काहीही टाकलं तरी ती तोंड मारतेच. मी लाकडी मासा त्या डागापलीकडे फेकला. एक झटका, तो डावीकडे गेला. दुसरा झटका, तो उजवीकडे, थेट पिल्लांमध्ये शिरला. पाणी फाटलं. हातातली काठी वाकली. पाच मिनिटांनी दंडाएवढी मरळ काठावर होती. माझ्या हातच्या माशानं धरलेली! मी सायकल कशी दामटली ते माझं मला माहीत.

अब्बांनी मरळ पाहिली, लाकडी मासा पाहिला. त्याच्या पाठीवर दातांच्या खुणा होत्या. त्यावरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, ‘पिल्लं होती?’

मी म्हणालो, ‘होती.’

बराच वेळ ते गप्प होते. मग आमच्या घरच्या दख्खनीत म्हणाले, ‘वो खाने कू नै आयी थी रे.’

ती खायला आली नव्हती. एवढंच. रागावले नाहीत, मरळ फेकून दे म्हणाले नाहीत. अम्मीनं कालवण केलं, सगळे जेवले. अब्बांनी मात्र भाकरी दुधाशी खाल्ली. मला त्यांच्या भुवईकडे बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तलावावर गेलो. लाल डाग होता, पण विस्कटलेला. थोडी पिल्लं इथं, थोडी तिथं. काठावर बगळे उभे होते. खंड्या पुन्हापुन्हा सूर मारत होता. मी तासभर बसलो. खालून त्यांच्यावर कुणी धावून आलं नाही.

पुढं मी मरळीविषयी मिळेल ते वाचलं. नर-मादी दोघंही अंड्यांची आणि पिल्लांची राखण करतात. मराठीत आपण मरळीला ‘ती’ म्हणतो, पण मी धरला तो बापही असू शकेल. मस्कीचं बरोबर उलट. तो अंडी टाकतो आणि निघून जातो, पिल्लांकडे बघत नाही. त्याला फसवायचं म्हणजे त्याच्या भुकेला फसवायचं. मरळीच्या बाबतीत मी भुकेला फसवलं नव्हतं.

मी मासे धरणं सोडलं नाही, हे कबूल करतो. मरळ मी आजही आवडीनं खातो. पण काही गोष्टी ठरवून टाकल्या. पावसाळ्यात मरळीच्या वाटेला जायचं नाही. लाल डाग दिसला तर सामान आवरायचं. लाकडी माशाला तीन काट्यांच्या गळाऐवजी एकच काटा, आणि त्याचा उलटा दात पकडीनं दाबून सपाट केलेला. लहान मरळ लागली तर पाण्यातच सोडवायची. तलावावरचे तरुण हसतात. म्हणतात, चाचा, तुम्ही नाही धरली तर दुसरा धरेल. धरेल ना! त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

अब्बा जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो सहावा मासा माझ्या टेबलावर असतो, दातांच्या खुणांसकट. गेल्या पावसाळ्यात मुलीचा मुलगा हट्टानं बरोबर आला. सात वर्षांचा आहे. नुसतं तळं बघायचं, या अटीवर नेला, पण त्यानं गुपचूप लाकडी मासा खिशात घातला होता. गवताच्या कडेला लाल डाग त्यालाच आधी दिसला.

‘नाना, टाका ना!’

मी त्याला गप्प बसवलं. आम्ही दोघं पाहत राहिलो. थोड्या वेळानं पिल्लांच्या बाजूला एक काळं डोकं वर आलं, श्वास घेतला आणि खाली गेलं.

‘नाना, मग कधी टाकायचा?’

‘पिल्लं मोठी झाली की.’

‘किती मोठी?’

मी हातानं दाखवलं. त्याला ते पटलं नाही. घरी येईपर्यंत तो लाकडी मासा हातात धरून हवेत डावीकडे-उजवीकडे पोहवत होता.