तुमच्या खोलीचा पारा किती?



मे महिना आला की संध्याकाळच्या बातम्यांत अकोल्याचा आकडा येतो आणि आपण तो क्रिकेटच्या धावसंख्येसारखा ऐकतो. काल ४४ होता, आज ४५ झाला. अमरावतीचे पाहुणे घरी आले असतील तर 'आमच्याकडेही काही कमी नाही' असे सांगून जातात. थट्टा खूप होते, पण प्रश्न थट्टेचा नाही. २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा अकोला जिल्ह्यात ३१ मेपर्यंत कलम १४४ लावण्याची वेळ आली होती. दंग्याधोप्यासाठी लावायचे कलम उन्हासाठी लावावे लागले.

आता हा ४५ चा आकडा कुठला? वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झरोक्यांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या जागी ठेवलेला असतो. ऊन थेट लागू नये आणि हवा मात्र खेळती राहावी, अशी ती पेटी असते. म्हणजे तो आकडा गावाच्या हवेचा आहे. तुमच्या घरातल्या वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या खोलीत, स्लॅबखाली झोपलेल्या आजोबांच्या खोलीचा तो नाही. माझे आजचे बोलणे त्या खोलीबद्दल आहे.

युरोपात, जिथे आपल्याकडची बरीच मुले आता नोकरीला आहेत, तिथे घर गरम ठेवावे लागते. एकच बॉयलर सगळ्या घराला ऊब देतो, पण प्रत्येक खोलीला सारखी ऊब लागत नाही. म्हणून घराचे भाग पाडतात, प्रत्येक भागात एक छोटा बिनतारी सेन्सर ठेवतात आणि तो सांगेल तेवढीच उष्णता त्या खोलीत सोडतात. आपल्या वऱ्हाडात घर तापवण्याचे काम सूर्यनारायण फुकट करतो. आपला प्रश्न उलटा आहे. कूलर किंवा एसी एखाद्याच खोलीत असतो, पाणी मोजके असते, विजेचे बिल वाढते. मग कोणती खोली गार करायची, कधी करायची आणि कोणाला तिथे झोपवायचे? हे ठरवायलाही तोच सेन्सर उपयोगी पडतो.

पूर्वीच्या धाब्याच्या घरांत जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचे छत असायचे. दुपारची आग आत पोहोचायला वेळ लागे. आता सिमेंटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. मी आमच्या अकोल्याच्या घरी तीन खोल्यांत तीन सेन्सर ठेवून पाहिले. मेमधल्या एका रात्री दहा वाजता अंगणात ३४ अंश होते, खालच्या पूर्वेकडील खोलीत ३३ आणि वरच्या पश्चिमेच्या खोलीत ३८. घर एकच, छप्पर एकच, पण दोन खोल्यांत पाच अंशांचा फरक. त्या रात्रीपासून आमच्याकडे वरची खोली उन्हाळ्यात कोणाला झोपायला देत नाहीत.

हा फरक किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण थंड देशातलेच आहे. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत म्हाताऱ्या माणसांची संख्या फार मोठी होती, आणि छपराखालच्या खोलीत झोपणे हे पुढे अभ्यासात धोक्याचे एक कारण निघाले. वय झाले की घाम कमी येतो, तहान कमी लागते आणि आपण तापलो आहोत हे शरीर वेळेवर सांगत नाही. शरीर सांगत नसेल तर भिंतीवरच्या आकड्याने सांगावे.

आता सेन्सर निवडायचा कसा? काडेपेटीएवढी ही डबी काही शे रुपयांपासून मिळते. पण घेण्यापूर्वी पाच गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट पल्ल्याची. थंड देशातल्या हीटिंगसाठी केलेली काही उपकरणे ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच मोजतात. आपल्याकडे खरी गरज तिथूनच सुरू होते. डब्यावर निदान ५० अंश, जमल्यास ६० अंश लिहिलेले असावे.

दुसरी, अचूकतेची. अर्ध्या अंशाची चूक चालेल, दोन अंशांची चालणार नाही. दोन-तीन सेन्सर घेतले असतील तर ते आधी एका रात्री एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. सकाळी आकड्यांत जो फरक दिसेल तो कागदावर लिहून डबीला चिकटवा. एवढ्याने निम्मे काम होते.

तिसरी, आर्द्रतेची. ज्याच्या घरी कूलर आहे त्याने हवेतला दमटपणा मोजणाराच सेन्सर घ्यावा. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. एक लिटर पाणी वाफ होताना हवेतून जवळजवळ पाऊण युनिट विजेइतकी उष्णता ओढून घेते. बाहेर ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगला कूलर २७ अंशांच्या आसपासची हवा देऊ शकतो. पण जूनमध्ये ढग येतात, पारा ३५ वर उतरतो आणि आर्द्रता ६० टक्के होते. तेव्हा तोच कूलर ३० अंशांची ओलीचिंब हवा देतो आणि आपण म्हणतो, कूलर बिघडला. कूलर बिघडलेला नसतो, हवा बदललेली असते. आर्द्रतेचा आकडा चढला की पाण्याचा पंप बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि नुसता पंखा चालवावा. काटेपूर्णेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या अकोल्यात आणि अप्पर वर्धाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या अमरावतीत मे-जूनचे पाणी असे वाया घालवणे बरे नाही.

चौथी गोष्ट संपर्काची. ब्लूटूथचा सेन्सर मोबाइल जवळ असेल तरच आकडा देतो. लोखंडी सळ्यांचा स्लॅब आणि जाड भिंत मध्ये आली की तोही अडखळतो. मुलगा पुण्यात आणि आईवडील अमरावतीत असतील तर वायफायचा सेन्सर लागेल. पण लाइन गेली की राउटर बंद आणि राउटर बंद की आकडा बंद. भर दुपारी, नेमका हवा असतो तेव्हा. म्हणून राउटर इन्व्हर्टरवर ठेवा आणि सेन्सरवर आकडे दाखवणारा पडदा असल्याची खात्री करा. सेलही कोणता लागतो ते विचारा. घड्याळाचा चपटा सेल ब्लूटूथला बरेच महिने पुरतो, वायफायला मोठे सेल लागतात.

पाचवी गोष्ट माणसाची. अमरावतीला राजापेठेत माझी मावशी एकटी राहते. तिच्या खोलीत सेन्सर लावायचे म्हटले तर ती म्हणाली, "काऊन रे, मले काय लेकरू समजते का तू? माझ्यावर पाळत ठेवतं?" तिचे बरोबर होते. मग आम्ही मोठ्या आकड्यांचा साधा सेन्सर घेतला आणि तिच्या पलंगाशेजारी ठेवला. ३८ दिसले की खाली शेजारणीकडे जाऊन बसायचे, एवढा एकच नियम तिने स्वतः ठरवला. आता दुपारी फोन तीच करते आणि आकडाही तीच सांगते. ज्याच्या खोलीत सेन्सर आहे त्याला तो वाचता आला पाहिजे आणि त्याने काय करायचे ते त्याने ठरवले पाहिजे. नाहीतर ती डबी दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवरमध्ये जाते.

सेन्सर कुठे ठेवता यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर नको, खिडकीच्या उन्हात नको, फ्रिज किंवा टीव्हीच्या वर नको आणि कूलरच्या झोतातही नको. आतल्या भिंतीवर, पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. एसी असलेल्यांनीही हे करावे. एसीचा स्वतःचा सेन्सर वर, यंत्रातच असतो, तिथली हवा आणि पलंगावरची हवा सारखी नसते. काही एसींच्या रिमोटमध्येच सेन्सर असतो. ते बटण दाबून रिमोट पलंगाजवळ ठेवला की एसी तिथल्या तापमानाप्रमाणे चालतो. १ जानेवारी २०२० पासून नव्या एसीची सुरुवातीची नेमणूक २४ अंशांवर असते. १८ वर नेण्यापूर्वी पलंगाजवळचा आकडा बघा. बहुतेक वेळा २६-२७ ला पंखा जोडला की पुरते.

पंख्याबद्दल एक महत्त्वाचे सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की खोलीत ४० अंशांच्या वर नुसता पंखा लावू नये. त्या तापमानाला पंखा अंगावर गरम हवाच ढकलतो आणि शरीर आणखी तापते. हीच संघटना खोली दिवसा ३२ आणि रात्री २४ अंशांच्या खाली ठेवायला सांगते. आपल्याकडे मेमध्ये रात्री अंगणातच कधीकधी ३० अंश असतात, तेव्हा साध्या घरात हे जमणार नाही हे मला कळते. पण घरातली सर्वांत गार खोली कोणती आणि ती किती वाजता गार होते, हे तर शोधता येईल? ती खोली घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या, आजारी किंवा तान्ह्या माणसाला द्यायची, एवढे आपल्या हातात आहे.

आणि आकड्यावर विसंबून माणसाकडे दुर्लक्ष करू नका. कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, शुद्ध हरपू लागली तर सेन्सर काय म्हणतो ते बघत बसू नका. ओल्या कपड्याने अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

२५ मेच्या सुमारास नवतपा सुरू होतो. त्याच्या निदान पंधरा दिवस आधी सेन्सर आणा. सकाळी सहा, दुपारी तीन, संध्याकाळी सात आणि रात्री अकरा, अशा चार वेळा प्रत्येक खोलीचा आकडा एका वहीत लिहा. आठवडाभरात तुमच्या घराचा स्वभाव तुम्हाला कळेल. मग कूलर कोणत्या खिडकीला लावायचा आणि आजीची खाट कुठे टाकायची, याचा निर्णय ती वही बघून घरातल्या सगळ्यांनी मिळून घ्या.