संगणक काय सांगतो, ते आधी वाचा



संगणक ही आता केवळ शहरातल्या कचेरीतली वस्तू राहिलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या हिवरखेडातही तो घरोघरी पोहोचला. आधी एमएस-सीआयटीच्या निमित्ताने आला, मग मुलांच्या अभ्यासासाठी राहिला. आता सातबारा, पीक विमा, शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचं खातं, विजेचं बिल ही सगळी कामं त्याच्यावर होतात. हातात मोबाइल असला, तरी लांबलचक अर्ज भरायला आणि कागद जोडायला घरचा संगणकच बरा पडतो.

पण ऐन कामाच्या वेळी एक अडचण येते. ज्या खिडकीतून आपण इंटरनेट पाहतो, त्या क्रोम, फायरफॉक्स किंवा एज या ब्राउझरमध्ये पान उघडतच नाही. त्याऐवजी इंग्रजीतली एक पाटी येते. आज येते, उद्या येते, परवाही तीच येते. आज मी या पाटीविषयीच बोलणार आहे.

हिवरखेडात मी बरीच वर्षं संगणक दुरुस्तीचं काम करतो. येणाऱ्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "पाटीवर लिहिलं काय होतं?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "कायतरी विंग्रजीत येते नं भाऊ, मी काटतो त्याले." डॉक्टरसमोर बसून "कुठंतरी दुखते" एवढंच सांगावं, तसं हे झालं. ती पाटी म्हणजे बिघाड नव्हे, ती बिघाडाची खबर आहे. आणि तीच पाटी पुन्हा पुन्हा येत असेल, तर तिच्यामागे बहुधा एकच कारण असतं आणि ते एकाच जागी असतं. ती जागा सापडली की अर्धं काम झालं.

जागा तीनच. समजा, तुम्हाला हिवरखेडहून अकोल्याला पाहुण्यांकडे जायचं आहे आणि जाणं झालं नाही. एक तर तुमची गाडीच सुरू झाली नाही, किंवा वाटेत नाल्याला पूर आला, किंवा तुम्ही पोहोचलात आणि पाहुण्यांच्या दाराला कुलूप होतं. इंटरनेटचंही असंच आहे. दोष आपल्या घरात असतो, वाटेत असतो, नाहीतर पलीकडे असतो.

हे ओळखायला दोन साध्या परीक्षा आहेत. पहिली, दुसरं एखादं संकेतस्थळ उघडून पाहा. दुसरी, अडलेलं संकेतस्थळ मोबाइलवर उघडून पाहा. मात्र घरचं वायफाय बंद करून, मोबाइलच्या स्वतःच्या इंटरनेटवर. बाकी सगळं उघडतं, पण ते एकच दोन्हीकडे उघडत नाही, तर दोष पलीकडचा. घरातल्या कुठल्याच यंत्रावर काही उघडत नाही, पण मोबाइलच्या इंटरनेटवर उघडतं, तर दोष वाटेचा. फक्त संगणकच अडून बसला, तर दोष त्या संगणकाचा.

पलीकडचा दोष ओळखायला आकडेही मदत करतात. ४०४ म्हणजे मागितलेलं पान तिथे नाही. पत्ता चुकला किंवा पान हलवलं गेलं. ५०० किंवा ५०३ असा पाचने सुरू होणारा आकडा दिसला, तर पलीकडचं यंत्र थकलं किंवा कामात गुंतलं असं समजा. अर्जाच्या शेवटच्या दिवशी सगळा जिल्हा एकाच दारावर लोटतो, तेव्हा ही पाटी हमखास दिसते. तिथे आपला संगणक उघडून काही उपयोग नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करावा, आणि खरं म्हणजे शेवटच्या दिवसाची वाटच पाहू नये. पैसे भरताना अशी पाटी आली, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्यातून रक्कम गेली का ते पाहा.

वाटेचा दोष असेल, तर "सर्व्हर सापडत नाही" किंवा "डीएनएस" असे शब्द दिसतात. संगणकाला नावं कळत नाहीत, त्याला आकडे लागतात. आपण लिहिलेल्या नावाचा आकडा शोधून देणारी एक डिरेक्टरी इंटरनेटवर असते, तिला डीएनएस म्हणतात. ती मिळाली नाही, की वाटच सापडत नाही. राउटर मिनिटभर बंद ठेवून सुरू करावा. एवढ्याने भागलं नाही, तर जोडणी देणाऱ्याला कळवावं.

आता घरातला दोष. वऱ्हाडातल्या घरांत मला सर्वांत जास्त भेटलेला दोष एका बटणाएवढ्या सेलचा आहे.

आमच्या गावातल्या एका संत्रा बागायतदाराच्या घरची गोष्ट सांगतो. त्यांच्या संगणकावर रोज सकाळी बँकेचं पान अडायचं. "तुमची जोडणी सुरक्षित नाही" अशा अर्थाची पाटी यायची. त्यांनी संगणक शहरात नेला. तिथे फॉरमॅट करून दिला, म्हणजे आतलं सगळं पुसून नव्याने भरलं. दुकानात छान चालला. घरी आणून रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं, की सकाळी पुन्हा तीच पाटी. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या खेपेला आतले फोटोही गेले. त्यांत त्यांच्या वारलेल्या वडिलांचे बागेतले फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

मग संगणक माझ्याकडे आला. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. ती कित्येक वर्षं मागची होती! आतला सेल संपला होता. सीआर २०३२ असं त्याचं नाव, तीन व्होल्टचा, नाण्यासारखा चपटा. घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि किंमत म्हणाल तर किरकोळ. तो बदलला आणि पाटी यायची थांबली. फोटो मात्र परत आले नाहीत.

सेलचा आणि बँकेच्या पानाचा संबंध काय, असं तुम्ही विचाराल. बँकेसारखं प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपलं ओळखपत्र दाखवतं. त्यावर "या तारखेपासून त्या तारखेपर्यंत" अशी मुदत असते. पूर्वी ही मुदत काही वर्षांची असे. २०२० च्या सप्टेंबरपासून ती फार तर ३९८ दिवसांवर आली आणि पुढे आणखी कमी करायचं ठरलं. ब्राउझर ही मुदत आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २०१० साल दाखवत असेल, तर त्याच्या दृष्टीने त्या ओळखपत्राची मुदत अजून सुरूच झालेली नाही! मग तो दार अडवतो. तो मूर्ख नाही, त्याला चुकीची तारीख सांगितली गेली आहे. क्रोम तर अनेकदा सरळच लिहितो, "युअर क्लॉक इज बिहाइंड", म्हणजे तुमचं घड्याळ मागे आहे. पण पाटी वाचायची कोणी?

आणि हा आजार आपल्याकडे जास्त का? संगणक बंद असला, तरी भिंतीवरचं बटण सुरू असेल, तर घड्याळाला विजेचा थोडा आधार मिळत राहतो. आपल्याकडे वीज जाते-येते, उन्हाळ्यात तर विचारू नका. आणि विजेच्या भीतीने आपण रात्री बटणही बंद करतो. ते योग्यच आहे. पण मग सगळा भार त्या सेलवर पडतो आणि तो लवकर संपतो. म्हणून आधी तारीख, वेळ आणि सालसुद्धा पाहा. चुकलं असेल, तर दुरुस्त करा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलं, तर सेल बदलून घ्या. जुना सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला, तर जिवावर बेततं.

घड्याळ बरोबर आहे, तरी अनेक संकेतस्थळं एकदमच अडू लागली, तर संगणकाचं वय पाहा. आमच्या हिवरखेडावरून अकोला–खंडवा मीटरगेज गाडी जायची, हे अनेकांना आठवत असेल. ती २०१७ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. मीटरगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळावर चालत नाही. डबा वाईट नसतो, रूळ बदललेले असतात. जुन्या ब्राउझरचं तसंच आहे. गुप्त बोलणी करण्याच्या जुन्या पद्धती प्रमुख ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास सोडल्या. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि २०२३ पासून क्रोमच्या नव्या आवृत्त्या तिच्यावर चालेनाशा झाल्या. ३० सप्टेंबर २०२१ ला जगभर वापरात असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि कित्येक जुने संगणक व मोबाइल एका दिवसात अडले. त्यांना कोणी हात लावला नव्हता! विंडोज १० चा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्र झेपत असेल, तर नवी विंडोज टाकून घ्यावी. नसेल झेपत, तर लिनक्स ही मोफत प्रणाली जुन्या यंत्रालाही बरेचदा चालते. अर्थात, आधी फोटो आणि कागद पेन ड्राइव्हवर उतरवून.

कधी घड्याळ ठीक, संगणक नवा, पण एकच पान रुसतं. तेव्हा क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही बटणं एकत्र दाबा. एक कोरी खिडकी उघडते, तिच्यात जुनं साठवलेलं काही नसतं. तिथे पान उघडलं, तर त्या संकेतस्थळाच्या साठलेल्या कुकीज पुसा, नाहीतर ब्राउझरला जोडलेली जादा खेळणी एकेक करून काढा. "प्रॉक्सी सर्व्हर" असे शब्द आले आणि तुम्ही स्वतः कधी प्रॉक्सी लावलेला नसेल, तर कुठलीतरी आगंतुक प्रणाली सेटिंग बदलून गेली असावी. प्रॉक्सी बंद करा आणि अँटिव्हायरसने संगणक तपासा.

या सगळ्यांत एक पाटी अशी आहे, की ती कधीही ओलांडू नये. ओळखपत्राविषयीची पाटी आली, की खाली "ॲडव्हान्स्ड" असं बटण असतं. ते दाबलं, की "तरीही पुढे जा" अशी वाट दिसते. मुलं ही वाट लगेच शिकतात. काम होतं आणि मग सवय लागते. पण ही पाटी म्हणते, की समोरचा जो कोणी बँक म्हणवतो, तो बँकच आहे याची मला खात्री पटलेली नाही. घरी आलेल्या अनोळखी माणसाला ओळखपत्र न पाहता कोणी तिजोरीची किल्ली देतं का?

हा धोका कागदावरचा नाही. जुलै २०१४ मध्ये गुगलला आढळलं, की तिच्या काही संकेतस्थळांच्या नावाने अनधिकृत ओळखपत्रं दिली गेली आहेत. ती आपल्याच देशातल्या नॅशनल इन्फर्मॅटिक्स सेंटरच्या प्रमाणपत्र यंत्रणेतून गेली होती. तिची प्रमाणपत्रं रद्द झाली आणि मायक्रोसॉफ्टलाही विंडोजसाठी सुधारणा पाठवावी लागली. एवढ्या मोठ्या ठिकाणी असं घडू शकतं, म्हणूनच ब्राउझर इतका संशयी असतो. एकाच संकेतस्थळावर ही पाटी येत असेल आणि तुमचं घड्याळ बरोबर असेल, तर बहुधा त्यांच्याच ओळखपत्राची मुदत संपलेली असते. थांबा, किंवा बँकेत जाऊन या. सगळीकडेच येत असेल, तर आपलं घड्याळ आणि अँटिव्हायरस तपासा.

याच्या उलट, काही पाट्या निव्वळ खोट्या असतात. पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, "संगणकात व्हायरस शिरला, या नंबरवर फोन करा" असं येतं. ब्राउझरची खरी पाटी कधी भोंगा वाजवत नाही आणि फोन नंबर देऊन बोलावतही नाही. फोन करू नका. ऑल्ट आणि एफ-फोर ही बटणं एकत्र दाबून खिडकी बंद करा. नाही झाली, तर संगणकच बंद करा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा.

शेवटी दोन गोष्टी सुचवतो. पहिली, संगणकाशेजारी एक वही ठेवा. पाटी आली, की तारीख, वेळ, संकेतस्थळाचं नाव आणि पाटीवरचे शब्द जसेच्या तसे उतरवा, नाहीतर मोबाइलने फोटो काढा. चार नोंदी झाल्या, की आजार आपोआप दिसू लागतो. रोज सकाळीच येते? पाऊस असला की येते? एकाच संकेतस्थळावर येते? दुरुस्तीवाल्याला ती वही दाखवा, आणि तो न वाचताच "फॉरमॅट करावं लागेल" म्हणाला, तर "आधी कारण सांगा" असं त्याला नम्रपणे म्हणा. छत गळतं म्हणून कोणी घर पाडत नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. क्रोम आणि फायरफॉक्स दोन्हींत मराठी निवडायची सोय आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन भाषा बदलली, की पाट्याही मराठीत येतात. मग "कायतरी विंग्रजीत येते" ही तक्रार उरत नाही, आणि घरातल्या आजीलाही ती पाटी वाचता येते. आज घरी जाल, तेव्हा एवढं एक काम करून टाका.



(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)